फराहचं पाणी

सकाळी चहा ठेवायला सुलेमान स्वयंपाकघरात गेला, तर एकही भांडं रिकामं नव्हतं. टोप भरलेले, किटली भरलेली, ग्लास, वाट्या, ईदेला निघणारं बिर्याणीचं पातेलं, सगळं काठोकाठ. मसाल्याच्या डब्यातली जिऱ्याची वाटी रिकामी होती, तिच्यातही पाणी. खाली भिंतीला लागून प्लास्टिकच्या बाटल्या शाळेतल्या पोरांसारख्या रांगेत उभ्या.

"निसा! अगं ए निसा! चहा कशात करू? तळहातावर?"

अख्तरुन्निसा मागच्या दारी चादर पिळत होती. आजही चादर ओली होती. तिची लेक फराह सहा वर्षांची. दुसऱ्या वर्षीच सुटलेली सवय परत येऊन बसली होती.

"एक टोप ओतून घ्या ना अब्बा. फक्त तिच्यासमोर नको."

"बोअरला करंगळीएवढी धार येती. मे महिना हाय. आन् ही—" सुलेमान बोलता बोलता थांबला. खाटेखालून दोन डोळे त्याच्याकडे बघत होते. त्यानं टोप परत जागेवर ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे. चहानं तसंपन पित्त होतंय."

मग तो दाराबाहेर जाऊन, शेजारच्या घरी चहा पिऊन आला. रोज तेच चाललं होतं.

निसाचा नवरा झुहेब सुदानमध्ये, खार्तूमला फरशांच्या कारखान्यात नोकरीला होता. तिघं तिथंच राहत. रमझान संपत आला असताना एका सकाळी शहरात दोन फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. घरात खिडकी नसलेली जागा एकच, न्हाणीघराबाहेरचा बोळ. तिथं गादी टाकून तिघं राहिली. आधी वीज गेली, मग नळ गेला. टाकीच्या तळाचं पाणी ओढणीतून गाळून निसा बाटलीच्या झाकणानं लेकीला पाजायची. शेवटी बंदराकडं जाणारी बस मिळाली. वाटेत एका नाक्यावर बंदूकवाला आत चढला. वयानं पोरगाच होता, ओठ फुटलेले. त्यानं फराहच्या हातातली बाटली घेतली, उभ्या उभ्या रिकामी केली आणि तिच्या पायाशी टाकली. बस सुटली. बंदर आलं, जहाज आलं, मग विमान, मग मुंबई. फराह जी गप्प झाली ती गप्पच.

झुहेबला कंपनीनं मस्कतला धाडलं. निसा लेकीला घेऊन बापाकडं आली, नेरळहून पोशीरच्या रस्त्याला. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात सुलेमान एकटाच, आणि घरामागं त्याची भातशेती.

पहिल्या आठवड्यात बायका बघायला आल्या. "तिकडं लई मारामारी ना गं? टीव्हीवर दाखवीत व्हते." "पोरगी बोलत कशी नाय? मुकी हाय का?" एकीनं फराहच्या हनुवटीला हात लावून तिचं तोंड वर केलं, जनावराचे दात बघावेत तसं. निसानं तो हात बाजूला केला. "झोपेत आहे ती," म्हणाली. दुपारचे बारा वाजले होते.

दुपारीच डोंगराकडच्या खदाणीत सुरुंग उडायचा. भांडी थरथरायची, भरलेल्या पाण्यावर गोल गोल वळ्या उठायच्या. फराह खाटेखाली जायची आणि कानांवर नाही, बाटलीच्या तोंडावर हात ठेवायची.

*

ठाकरवाडीतून कोंडी आणि तिचा नवरा चांगो सकाळीच यायचे. त्यांची आणि सुलेमानची पडकई जुनी. यांच्या शेतात त्यांनी राबायचं, त्यांच्या शेतात यानं. दोघांनी डोंगरातून कवळाचे भारे आणले होते. ऐन-किंजळाच्या वाळक्या डहाळ्या, त्यांना अजून पानं चिकटलेली. राब भाजायचा होता. रोपं जिथं उगवायची त्या तुकड्यावर शेण, कवळ, झडलेल्या पानांचा पातेरा, गवत असे थर द्यायचे, वर चाळलेली माती पसरायची आणि आग लावायची. जमीन भाजली की तणाचं बी मरतं, राखेवर रोप जोरात येतं. सुलेमानचे राब दोन. छोटा घरामागं, विहिरीजवळ. मोठा ओढ्यापलीकडं.

कोंडीबरोबर तिची नात सोमी यायची. फराहएवढीच. नाकात शेंबूड, तोंडाला लगाम नाही.

"ही पानी इकती का गं आजे?" सोमीनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"गप बस भवाने."

"मंग एवढ्या बाटल्या कशाला? माजी एकबी नाय."

फराहनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग रांगेतली एक बाटली उचलली, छातीशी धरली, आणि परत ठेवून दिली. पण दुसऱ्या दिवशी सोमी आली तेव्हा ती खाटेखालून आपण होऊन बाहेर आली. दोघी छोट्या राबावरच्या कवळात शिरल्या. डहाळ्यांची गुहा केली, आत पातेरा अंथरला. निसा मागच्या दारात तांदूळ निवडत बसायची. पानांची सळसळ यायची. सोमीची बडबड यायची. दुसरा आवाज यायचा नाही, पण पानं दोन ठिकाणी हलायची. निसाला तेवढंही पुष्कळ होतं.

"दुसऱ्यांचे राब पेटाय लागले," चांगो म्हणाला. अंगानं काटकुळा, कोयता कमरेच्या लाकडी आकडीत अडकवलेला. "कवा लावायचा?"

सुलेमाननं घराच्या मागच्या खिडकीकडं बघितलं. समोरच्या माळावर कुणाचा तरी राब जळत होता. धूर पिवळट, जमिनीसरशी सरपटणारा. फराहला तो दिसू नये म्हणून त्यानं सकाळीच मागच्या खिडकीला पोतं अडकवलं होतं.

"पोरीच्या डोळ्यांदेखत आग लावू का मी? लढाईतून आलीय ती."

"मंग नका लावू. तणच खा," कोंडी म्हणाली.

"खालापूरला नेणारच हाय निसा तिला डाक्टरकडं. त्या दिवशी हितला उरकून घेऊ. ती येईस्तोवर थंड होईल. काळं दिसलं तर सांगू, नांगरट केली."

निसा ऐकत होती. तिला ते पटलं. आपल्या माणसानं आपल्या लेकीसाठी एवढा विचार करावा, याचं तिला बरंच वाटलं. "चालेल अब्बा," ती म्हणाली.

*

खालापूरच्या दवाखान्यात लहान मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा येत. व्हरांड्यात गर्दी. एक्सप्रेसवेवरच्या ट्रकांची घरघर भिंतीतून येत होती. फराह पाण्याच्या कूलरपाशी उभी राहिली ती हलेना. आपली बाटली भरली, आईची भरली, मग शेजारच्या म्हातारीच्या हातातला स्टीलचा तांब्या घेऊन तोही भरून दिला.

"गुणाची गं बाय," म्हातारी म्हणाली.

डॉक्टरीणबाई टेबलामागं बसल्या नाहीत. चटईवर फराहसमोर बसल्या, ठोकळे मांडले, फारसं बोलल्या नाहीत. फराहनं सगळे ठोकळे एका रांगेत लावले आणि एकेक करून आडवे पाडले. पुन्हा लावले, पुन्हा पाडले.

"घरी पण हेच करते," निसा हळूच म्हणाली. "चपलांचं. सगळ्यांच्या चपला रांगेत लावते नि पालथ्या घालते. मी उचलून ठेवते."

"उचलू नका. जे तोंडानं सांगता येत नाही ते ती हातानं सांगते. सांगू दे."

"बोलेल ना ती?"

"वाट बघू. घाई करायची नाही, बोल बोल म्हणायचं नाही." बाई निसाकडं वळल्या. "एक मात्र सांभाळा. तिच्यापासून लपवून काही करू नका. तिच्या नकळत एका सकाळी सगळं बदललं, तीच तर भीती आहे. मोठा आवाज होणार असेल तर आधी सांगा. कुठं जायचं असेल तर आधी सांगा. वाईट असलं तरी."

निसानं मान हलवली. मग मान हलायची थांबली. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. घरी राब पेटला असणार.

कर्जतवरून मिनिडोर रिक्षानं परत येताना डोंगराच्या पायथ्याला सगळीकडं धूर होता. निसानं फराहचं डोकं मांडीवर घेतलं, ओढणीनं झाकलं. "शेतकरी पालापाचोळा जाळतात गं. काही नाही." ओढणीखाली लेकीचा श्वास भरभर चालला होता. सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं, असं निसाला वाटत होतं. पण मिनिडोरमध्ये माणसं दाटीवाटीनं बसली होती, समोरची बाई टक लावून बघत होती, आणि घरी जाऊन बघू म्हणत तिनं ओढणी आणखी खाली ओढली.

फराह घरात शिरली ती थेट मागच्या दारानं बाहेर गेली. गुहेकडं.

गुहा नव्हती. काळा चौकोन होता, अजून गरम. मधूनमधून धुराचा धागा वर येत होता. सुलेमान फावडं टेकून उभा होता, भुवया करपलेल्या. "नांगरट केली," तो म्हणाला.

फराह काळ्या चौकोनाच्या कडेला उकिडवी बसली. काडीनं राख उकरली. राखेतून प्लास्टिकचा एक वितळलेला गोळा निघाला. त्याला निळं झाकण चिकटलं होतं. पुढं आणखी एक.

"अगंबाई," कोंडीनं कपाळावर हात मारला. "फट फट वाजलं ते ह्ये व्हतं. आमाला वाटलं कवळात बांबू आला."

रांगेतल्या बाटल्या रोज कमी का दिसतात, हे कुणालाच कळलं नव्हतं. फराहनं त्या गुहेत नेऊन पातेऱ्याखाली लपवल्या होत्या. सोमीला माहीत होतं. पण सोमीला कुणी विचारलंच नव्हतं.

*

फराह खाटेखाली गेली. जेवायला आली नाही. निसा जमिनीवर आडवी होऊन तिच्याशेजारी सरकली. खाटेच्या पट्ट्या नाकाला लागत होत्या. वितळलेला गोळा फराहच्या मुठीत होता. बऱ्याच वेळानं, निसाला आधी वाटलं भासच, एक आवाज आला. घशात वाळू असावी तसा.

"इथंपण आले."

एवढ्या दिवसांनी लेकीचा आवाज ऐकू आला, त्याचा आनंद करायलाही वेळ नव्हता. "कोण गं?"

फराहनं गोळा दाखवला. "ते."

दारात सुलेमान उभा होता. त्यानं ऐकलं. तो आत आला, खाटेजवळ बसायला वाकला. गुडघे कडकडले, तोल गेला आणि तो धप्पकन खालीच बसला. मग हातावर रेलत रेलत त्यानं पांढरी दाढी फरशीला टेकवली.

"कोन नाय आलं, बेटा. मीच जाळलं."

त्यानं एक हात खाटेखाली पुढं केला.

"ह्या हातांनी. काडी वढली नि लावलं. तुला भ्या वाटंल म्हून न सांगता लावलं. नांगरट केली म्हनलो ते खोटं."

"का?"

"भातासाठी."

"भात जळतो?"

"भात नाय जळत. जमीन भाजली की भात वर येतो. माजा बाप भाजायचा, त्याचा बाप भाजायचा. तुज्या बाटल्या तितं हायेत ते मला म्हाईत नव्हतं. माज्या अकलेचा धूर झाला."

फराह सरपटत बाहेर आली. सुलेमान अजून दाढी फरशीला टेकवून होता. तिनं ओट्याखालची एक बाटली उचलली, झाकण काढलं, आणि नानाच्या डोक्यावर अख्खी उपडी केली. टोपी वाहून गेली. पाणी करपलेल्या भुवयांवरून, नाकावरून, दाढीतून गळलं.

आल्यापासून फराहनं पाण्याचा एक थेंब सांडला नव्हता.

"बरं झालं," सुलेमान ओल्या मिशीतून म्हणाला. "विझलो."

फराहच्या नाकातून एक फुर्र असा आवाज आला. ते हसू होतं की रडू, निसाला कळलं नाही. पुढच्याच क्षणी पोरगी आजोबांच्या ओल्या सदऱ्यात तोंड खुपसून हमसाहमशी रडत होती. खार्तूम सोडल्यापासून पहिल्यांदा. सुलेमान तसाच पाण्यात बसून राहिला, एका हातानं तिची पाठ थोपटत. दुसरा हात त्यानं निसापुढं केला. उठायला नव्हे. तिलाही जवळ घ्यायला.

*

"अजून एक आहे," दुसऱ्या दिवशी निसानं लेकीला सांगितलं. "ओढ्यापलीकडं. मोठा. तोही भाजायचा आहे."

फराह भाकरीचा तुकडा मोडत होती. हात थांबला. "नको."

"बरं. तू हो म्हणशील तेव्हा."

सुलेमाननं मागून डोळे मोठे केले. फराह बाहेर गेल्यावर तो म्हणाला, "आन् ती हो म्हनलीच नाय तर? माथेरानवर ढग बसाय लागलेत. भिजला राब की पेटत नाय. मोठ्या खाचराचं सगळं रोप तितलं. वरीसभर काय खायचं?"

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"डाक्टरीनबाय पावसालापन सांगतील का जरा दमानं ये म्हून?"

"अब्बा, आपण एकदा न सांगता करून बघितलं."

सुलेमाननं टोपी काढली, झटकली, परत घातली. त्यानंतर तो त्या विषयावर बोलला नाही. रोज सकाळी ओढ्यापलीकडं जायचा, राबावरचा पातेरा वाऱ्यानं उडाला असेल तर सारखा करायचा, आभाळाकडं बघायचा आणि परत यायचा. मशिदीपुढं लोक विचारायचे, "काय सुलेमान, राब सुकत घातलाय का? का पोरीची परवानगी नाय मिळाली?" तो म्हणायचा, "नाय मिळाली." लोक हसायचे. तोही हसायचा, पण घरी येऊन मुकाट भाकरी खायचा.

फराह आता थोडं थोडं बोलायची. बहुतेक प्रश्नच. आग कुठं थांबते? तिला कोण थांबवतं? वारा आला तर? निसाला सगळ्यांची उत्तरं येत नव्हती. येत नाहीत ती तिनं येत नाहीत म्हणून सांगितली.

"चल मंग वाडीवर," कोंडी म्हणाली. "आमचा राब आज हाय. लांबून बग. नाय आवडलं तर घरी."

निसा लेकीचा हात धरून टेकाडावर उभी राहिली. खाली चांगोनं राबाच्या चारी बाजूंनी गवत खरवडून मोकळी पट्टी काढली होती. त्यानं तोंडावर वारा घेतला, आणि वारा जिकडं चालला होता त्या टोकाला काडी लावली. आग वाऱ्यावर पळाली नाही. वाऱ्याच्या उलटी, रांगत्या पोरासारखी थांबत थांबत मागं सरकत राहिली. धूर वळला तशी निसापुढं खार्तूमचा बोळ आला, गादी आली, भिंतीचा गिलावा पडतानाचा आवाज आला. फराह आगीकडं बघतच नव्हती. ती आईच्या तोंडाकडं बघत होती.

"अम्मी, तुला भीती वाटते?"

नाही म्हणायला निसानं तोंड उघडलं. "हो," ती म्हणाली. "वाटते."

फराहनं विचार केला. मग हातातली बाटली उघडली, झाकणात पाणी ओतलं आणि आईच्या ओठांना लावलं. अगदी तसंच, बोळातल्यासारखं. एक थेंब न सांडता. निसा ते प्यायली. तिला दुसरं काही करता आलं नाही.

खाली सोमी ओरडली, "फराऽऽ! ये खाली! बटाटं भाजल्यात!"

आग चांगोच्या मोकळ्या पट्टीपर्यंत आली, तिथं पुढं खायला काही मिळालं नाही, आणि बसली. फराहनं ते पाहिलं. बटाटे खायला मात्र ती गेली नाही. सोमीनं एक वर आणून दिला, कोळसा झालेला, आणि वर म्हणाली, "तुज्या बाटल्यांचं मी कुनाला नव्हतं सांगितलं. तू तोंडावर बोट ठेवलं व्हतंस."

*

ढग माथेरानवरून खाली उतरले होते. अंगाला घामाचा चिकटा, पान हलत नव्हतं. सुलेमान ओट्यावर बसून पावसात पांघरायच्या इरल्याची फाटकी पानं सांधत होता. उन्हं कलली तशी फराह बाटल्या घेऊन बाहेर पडली. दोन नेल्या, परत आली, आणखी दोन नेल्या. निसानं दारातून बघितलं. ओढा ओलांडून पोरगी मोठ्या राबाच्या बांधावर बाटल्या मांडत होती. चारी बाजूंना. मग घरातले टोप गेले, किटली गेली. बिर्याणीचं पातेलं तिला उचलेना.

"नाना, हे धरा."

सुलेमाननं इरलं खाली ठेवलं. काही न विचारता पातेल्याची एक बाजू धरली. अर्धं पाणी वाटेत हिंदकळलं, फराहनं ओठ घट्ट मिटले पण थांबली नाही. निसानं वाडीकडं हाक मारली. कोंडी, चांगो, सोमी धावत आले.

चांगोनं पट्टी खरवडली. सुलेमाननं वारा घेतला, होता तेवढा. काडेपेटी काढली आणि फराहकडं पाहिलं. फराहनं आईचा हात धरला.

"आता लावू?"

"थांबा."

सगळे थांबले. चांगो कोयता पुसत राहिला. दूर आभाळात घुमलं. कोंडीनं वर बघितलं.

"आता."

काडी ओढली. आग पातेऱ्यात शिरली, मातीखालून फुसफुसत मागं सरकू लागली. धूर आला. फराहनं डोळे मिटले, उघडले. निसानं मोठ्यानं सांगायला सुरुवात केली, जे दिसत होतं ते. "आता डहाळी पेटली. आता आवाज होईल, पानांचा. झाला. आता नाना माती ओढतायत." सोमीनंही सूर लावला, "आता आजी खोकली! आता आजा पादला!" चांगोनं ढेकूळ उचलून तिच्या दिशेनं फेकलं.

अर्धा राब जळला असेल नसेल, वारा अचानक फिरला. जळतं पान उडालं आणि पट्टी ओलांडून बांधावरच्या वाळक्या गवतात पडलं. जीभ एवढीशी उठली. सुलेमान लांबच्या टोकाला होता.

फराहनं हात सोडवून घेतला. निसा ओरडणार होती, पण ओरडली नाही. पोरगी तिच्याजवळच्या बाटलीशी गेली, झाकण फिरवलं, गवतावर ओतली. चर्रर्र झालं. दुसरी ओतली. जीभ बसली. तरी तिनं पायानं, चपलेच्या टाचेनं तिथं दाबलं, नानानं दाबलं असतं तसं. मग वळून सगळ्यांकडं बघत म्हणाली,

"विझवली."

"विझली ना!" सुलेमान पळत पळत पोचला होता, धापा टाकत. "माज्या बायनं विझवली! बगितलं का चांगो?"

"बगितलं. माजी गरज नाय आता हितं."

राब पूर्ण जळून बसेपर्यंत फराह बांधावरच होती. घरी परतल्यावर ती खाटेखाली नाही, खाटेवर झोपली. सकाळी चादर ओली होती. निसानं धुतली, वाळत घातली. त्यानंतर कोरडी निघाली, मग पुन्हा ओली. निसानं त्याचा हिशेब ठेवला नाही.

*

लावणीला वाडीतल्या आठ-दहा बायका आल्या. गुडघाभर चिखल, पाठीवर इरली, वरून संततधार. मोठ्या राबाचं रोप हिरवंगार, वीतभर वर आलेलं. कोंडी मुठी उपटून दाखवायची, "बग सुलेमानभाई, एक तण नाय." निसानं साडी खोचली होती. लग्नाआधी ती अशीच लावायची, पण कंबर विसरली होती. दोन ओळींत दुखायला लागली.

"परदेशात चिखल नसतो वाटतं," एक बाई म्हणाली आणि बायका खिदळल्या. सकाळीच मस्कतहून झुहेबचा फोन आला होता. फराहनं बापाला रोप म्हणजे काय ते सांगितलं होतं, सगळं, पार आगीपासून. तिकडून बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत होता. "अब्बूला सर्दी झालीये," फराह फोन ठेवताना म्हणाली.

आता ती बांधावर आपल्या बाटल्यांची रांग लावून बसली होती. डोक्यावर सोमीचं जुनं इरलं. मध्येच डोंगरामागं गडगडलं, मोठं, लांबलेलं. तिची मान आत गेली. हात बाटलीच्या तोंडावर गेला. निसा चिखलात तशीच वाकलेली थांबली.

"ढग," सुलेमान खाचरातून म्हणाला. वर न बघता.

"ढग," फराह म्हणाली. थोड्या वेळानं हात निघाला.

"ए फराऽऽ!" ओळीच्या टोकाकडून कोंडी सरळ झाली, कंबर दाबत. "वरून एवढं वततंय नि माजा घसा कोरडा. घोटभर दे की गं."

फराहनं रांगेकडं पाहिलं. एक बाटली उचलली. चिखलात पाय घातला, तो रुतला, निघाला. कोंडीपर्यंत गेली. कोंडीचे दोन्ही हात चिखलानं माखलेले, म्हणून तिनं नुसतं तोंड उघडलं. फराहनं टाचा उंचावून पाणी ओतलं. थोडं आत गेलं, बाकी हनुवटीवरून वाहिलं.

"मला बी गं." "हिकडं बी ये बाय."

ती ओळीनं फिरली. एक बाटली संपली, दुसरी आणली. चांगोला दिलं, सोमीला दिलं. सोमीनं चूळ भरून तिच्यावरच उडवली. सुलेमाननं तोंड उघडलं तेव्हा बाटलीत थोडंसंच उरलं होतं. ते त्याच्या तोंडात गेल्यावर फराहनं बाटली उलटी धरून झटकली, डोळा लावून आत बघितलं.

"खलास," ती म्हणाली.

"आता गं? मला एवढंच?"

"वरून पडतंय ना. आ करा."

सुलेमाननं पावसात आ केला. बायका हसल्या. फराहनं रिकामी बाटली बांधावर फेकली आणि सोमीच्या मागं चिखलात पळाली.

निसानं रोपाची मूठ सोडवली. बाटली बांधाच्या उतारावर आडवी पडली होती, तोंड उघडं. भरून ठेवावी असं एकदा तिच्या मनात आलं. मग ती वाकली आणि पुढचं रोप चिखलात रोवलं.